सर्व्हर-क्लस्टरमधील सामायिक व्हॉल्यूम : बिघाडाचे स्वरूप आणि निदानाची पद्धती

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रवेश, शुल्क, अंतर्गत गुण, परीक्षा-अर्ज आणि ग्रंथालयाची देवघेव ही कामे गेल्या दोन दशकांत नोंदवह्यांतून संगणकाकडे आली. आरंभी यांपैकी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवण्याची पद्धत होती. आभासी संगणकाचे तंत्र रूढ झाल्यानंतर हे सर्व सर्व्हर दोन किंवा तीन समर्थ यंत्रांवर एकत्र नांदू लागले आणि त्यांच्या फाइली एका सामायिक साठवण-यंत्रणेत गेल्या. परस्परांना आधार देणाऱ्या अशा यंत्रांच्या समूहास क्लस्टर म्हणतात व त्यातील प्रत्येक यंत्रास नोड. एक नोड बंद पडला तर त्यावरील आभासी सर्व्हर दुसऱ्या नोडवर सुरू व्हावेत, हा या रचनेचा हेतू होय.

खरेदी समितीसमोर हीच बाजू आग्रहाने मांडली जाते. न मांडली जाणारी बाजू अशी की, नोड दोन असले तरी साठवण बहुधा एकच असते. नोड गेला तर काही मिनिटांचा खोळंबा होतो. साठवण गेली तर प्रवेश, परीक्षा आणि ग्रंथालय एकाच क्षणी थांबतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे घाईने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीमुळे थांबलेले काम कायमचे नाहीसेही होऊ शकते. अशा प्रसंगी ज्याच्याकडे धाव घेतली जाते तो पुष्कळदा संगणकशास्त्राचा अध्यापक असतो. त्याने हा विषय शिकविलेला असला तरी हाताळलेला असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात विंडोज सर्व्हरच्या फेलओव्हर क्लस्टरमधील ‘क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम’ या सुविधेच्या आधारे सामायिक साठवणीतील बिघाड कसे ओळखावेत, याचे विवेचन केले आहे.

एक डिस्क, अनेक धनी

सातबाऱ्यावर ‘सामायिक विहीर’ अशी नोंद असली की पाण्याच्या पाळीवरून तंटे होतात, हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. सामायिक डिस्कचे दुखणे याच जातीचे असले तरी अधिक चोरटे आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था डिस्कचा धनी एकच संगणक आहे असे गृहीत धरून रचलेली आहे. डिस्कवरील कोणती जागा मोकळी आहे, कोणती फाइल कोठवर पसरली आहे, याचा हिशेब संगणक आपल्या स्मृतीत बाळगतो व सवडीने डिस्कवर उतरवितो. आता दोन नोडांनी एकाच डिस्कवर एकमेकांना न विचारता लिहावयास आरंभ केला तर काय होईल? दोघांच्या हिशेबात एकच जागा मोकळी दिसेल. एक तीत गुणपत्रिका लिहील, दुसरा त्याच जागी शुल्काची नोंद करील. त्या क्षणी दोघांपैकी कोणालाही त्रुटीचा संदेश मिळणार नाही. नुकसान उघडकीस येईल ते काही दिवसांनी, आणि तोपर्यंत बिघडलेली प्रतच बॅकअपमध्येही गेलेली असेल.

क्लस्टर-तंत्रातील बहुतेक गुंतागुंत ही एक आपत्ती टाळण्यासाठी उभी राहिली आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये त्यासाठी सर्व नोडांत मिळून चालणारी कुलूप-व्यवस्था होती. मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर आलेल्या क्लस्टर-सेवेत कोणतीही डिस्क एका वेळी एकाच नोडच्या मालकीची असे. नियम निर्धोक होता. परंतु एका डिस्कवर दहा आभासी सर्व्हर असतील तर त्या दहांना एकत्रच एका नोडवरून दुसरीकडे न्यावे लागे. २००९ मधील विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम आला तो ही अडचण दूर करण्यासाठी, आणि तोही प्रथम केवळ हायपर-व्हीच्या आभासी संगणकांपुरता. २०१२ च्या आवृत्तीत त्याचा उपयोग फाइल-सर्व्हरसाठी खुला झाला. पुढे एसक्यूएल सर्व्हर २०१४ नेही त्याला मान्यता दिली.

त्याची रचना ग्रंथालयाच्या उदाहरणाने चांगली समजते. मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटापर्यंत जातो, पुस्तक काढतो व वाचतो. मात्र दाखलनोंदवहीत लिहिण्याचा अधिकार एकाच लिपिकाला असतो. सामायिक व्हॉल्यूममध्ये तो लिपिक म्हणजे ‘समन्वयक नोड’. नवी फाइल निर्माण करणे, नाव बदलणे, फाइलीची लांबी वाढविणे ही नोंदवहीची कामे इतर सर्व नोड नेटवर्कवरून समन्वयकाकडे पाठवितात. फाइलीतील प्रत्यक्ष मजकूर वाचणे व लिहिणे मात्र प्रत्येक नोड साठवण-यंत्रणेशी थेट बोलून करतो. सर्व नोडांना हे व्हॉल्यूम सी ड्राइव्हमधील ‘क्लस्टरस्टोरेज’ या एकाच फोल्डरखाली दिसतात, म्हणून आभासी सर्व्हर कोणत्याही नोडवर गेला तरी त्याच्या फाइलीचा पत्ता बदलत नाही. २०१२ पासून डिस्क-व्यवस्थापनाच्या खिडकीत या व्हॉल्यूमची फाइल-व्यवस्था ‘सीएसव्हीएफएस’ अशी दिसते. ते पाहून डिस्क परकी झाली असे समजण्याचे कारण नाही. आत एनटीएफएसच असते, वर एक थर चढलेला असतो.

वळसा आणि खोळंबा

एखाद्या नोडची साठवण-यंत्रणेकडे जाणारी वाट तुटली तर क्लस्टर त्याला लगेच बाद करीत नाही. त्याचा मजकूरही नेटवर्कवरून समन्वयकामार्फत नेला जातो. वाचकाला कपाटापाशी जाण्यास मनाई झाली आणि प्रत्येक पुस्तक लिपिकाने आणून द्यावयाचे ठरले, तशी ही स्थिती आहे. काम चालू राहते, पण सावकाश. याला ‘रिडायरेक्टेड’ म्हणजे वळशाची अवस्था म्हणता येईल. तिचे दोन प्रकार आहेत. फाइल-पातळीवरील वळशात मजकूर समन्वयकाच्या संपूर्ण फाइल-व्यवस्थेतून जातो. ब्लॉक-पातळीवरील वळशात तो समन्वयकाच्या फाइल-व्यवस्थेला बगल देऊन थेट त्याच्या डिस्क-थरापर्यंत पोहोचतो, म्हणून दुसरा प्रकार पुष्कळच वेगवान असतो.

वळशाची अवस्था हा बिघाड नव्हे. बिघाड सोसण्याची ती व्यवस्था आहे. तथापि तिचा एक तोटा असा की ती बोलकी नाही. ‘आज सर्व्हर मंद आहे’ एवढीच कार्यालयाची तक्रार येते, स्मृती वाढविण्याचे कोटेशन मागविले जाते, आणि सुटलेली केबल आठवडाभर तशीच राहते. समन्वयक नोडही याच काळात गेला, तर ज्याची वाट तुटलेली आहे त्या नोडला व्हॉल्यूम सांभाळता येणार नाही, हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आलेले नसते.

विंडोजच्या सिस्टिम लॉगमधील तीन घटना-क्रमांक येथे पाठ असावेत. ५१२१ म्हणजे या नोडची थेट वाट गेली, मजकूर वळशाने जात आहे. ५१२० म्हणजे व्हॉल्यूम या नोडवर तात्पुरता थांबला आहे, वाचन-लेखनाच्या मागण्या रांगेत धरून ठेवल्या आहेत व वाट सापडताच त्या पुढे जातील. ५१४२ म्हणजे वाट सापडली नाही. व्हॉल्यूम या नोडला दुरावला. पहिल्यात काम मंदावते, दुसऱ्यात काही क्षण अडते, तिसऱ्यात त्या नोडवरील आभासी सर्व्हर कोसळतात. ५१२० ही घटना दिसताच घाबरून नोड बंद करणे हा सर्वांत सामान्य प्रमाद आहे. काही सेकंदांत आपोआप मिटणारा खोळंबा त्यामुळे खऱ्या आपत्तीत रूपांतरित होतो.

निदानाचा आरंभ : काळ आणि स्थळ

निदानाची पहिली पायरी तांत्रिक वाटत नाही, पण तीच बहुतेकदा चुकते. इव्हेंट व्ह्यूअर घटनेची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे दाखवितो, तर ‘गेट-क्लस्टरलॉग’ या आज्ञेने मिळणारा सविस्तर लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेला असतो. भारतात हा फरक साडेपाच तासांचा आहे. सकाळी ११.२० ला प्रवेश-प्रणाली थांबली असेल तर क्लस्टर-लॉगमध्ये ०५.५० च्या ओळी वाचावयास हव्यात. ११.२० च्या ओळी शोधणाऱ्यास एक तर काहीच सापडत नाही, किंवा आदल्या सायंकाळची, ४.५० च्या सुमाराची, भलतीच घटना सापडते व तो तिच्याच मागे लागतो. आज्ञेला स्थानिक वेळेचा पर्याय जोडता येतो, तो जोडावा.

दुसरी पायरी स्थळाची. त्रास एका नोडवर आहे की सर्व नोडांवर, एका व्हॉल्यूमला आहे की सर्वांना, हे प्रथम ठरवावे. एकाच नोडवर सर्व व्हॉल्यूम वळशाने चालत असतील तर दोष त्या नोडच्या केबलमध्ये, कार्डात किंवा चालकात शोधावा. सर्व नोडांवर एकच व्हॉल्यूम अडत असेल तर त्या व्हॉल्यूमची साठवणीतील मांडणी तपासावी. सर्व नोडांवर सर्वच अडत असेल तर साठवण-यंत्रणेचा नियंत्रक अथवा मधला स्विच संशयित ठरतो. या एका कोष्टकाने अर्धे काम होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती नाही.

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून ‘गेट-क्लस्टर-शेअर्ड-व्हॉल्यूम-स्टेट’ ही पॉवरशेलची आज्ञा उपलब्ध आहे. प्रत्येक व्हॉल्यूम प्रत्येक नोडवरून थेट चालला आहे की वळशाने, आणि वळशाने असल्यास का, याचे उत्तर ती एका ओळीत देते. ‘नो डिस्क कनेक्टिव्हिटी’ हे कारण आले तर वाट तुटली आहे. ‘इनकम्पॅटिबल फाइल सिस्टिम फिल्टर’ आले तर त्या नोडवर बसविलेले एखादे सॉफ्टवेअर आडवे आले आहे. ‘यूझर रिक्वेस्ट’ आले तर कोणी तरी स्वतःहून वळसा चालू केला आहे आणि, मानवी स्वभावास अनुसरून, बंद करावयास विसरले आहे. ‘फाइल सिस्टिम आरईएफएस’ हे कारण मात्र दोष दाखवीत नाही. साठवण-यंत्रणेवरील व्हॉल्यूम आरईएफएस या फाइल-व्यवस्थेने तयार केला असेल तर तो नेहमी वळशानेच चालतो, आणि ही गोष्ट व्हॉल्यूम तयार करतानाच ठाऊक असावयास हवी होती.

नेटवर्क : दुर्लक्षित आरोपी

साठवणीचा बिघाड म्हटला की सर्वांची दृष्टी डिस्ककडे जाते. वस्तुतः समन्वयकाशी होणारा सर्व व्यवहार नोडांमधील नेटवर्कवरून, फाइल-वाटपाच्या एसएमबी या नियमावलीने चालतो. म्हणून डिस्क ठणठणीत असतानाही व्हॉल्यूम अडू शकतो. ५१२० च्या संदेशात त्रुटीचे नाव दिलेले असते. ते ‘कनेक्शन डिसकनेक्टेड’ किंवा ‘बॅड नेटवर्क पाथ’ असेल तर डिस्कच्या दिशेने जाण्याचे प्रयोजन नाही. नोडांमधील फायरवॉल पाहावी. त्याचप्रमाणे नेटवर्क-कार्डाच्या गुणधर्मांत ‘क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ यांपुढील खुणा कायम आहेत का, हेही पाहावे. अंतर्गत नेटवर्कवर फाइल-वाटप कशाला हवे, अशा सद्हेतूने या खुणा काढल्या जातात आणि व्हॉल्यूमचा आधारच निघून जातो. २००८ आर२ मध्ये सुरक्षिततेच्या धोरणाने एनटीएलएम ही ओळखपद्धती बंद केल्यासही असाच परिणाम होत असे. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आहे. तरी एखाद्या कोपऱ्यात ती अजून चालू असेल तर हे कारण स्मरणात असावे.

नोड एकमेकांना ३३४३ या पोर्टवरून दर सेकंदास एक संकेत पाठवितात. त्यास ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, म्हणतात. २०१६ च्या आवृत्तीपासून एकाच उपजालातील नोडांसाठी दहा ठोके चुकण्याची मर्यादा मूळ रचनेतच आहे. त्यापूर्वी ती सामान्यतः पाच होती. मर्यादा ओलांडली की नोड सदस्यत्वातून वगळला जातो व १११५ वगैरे कोणताही आकडा न शोधता ११३५ ही घटना शोधावी. ११३५ आधी आणि ५१२० नंतर असा क्रम असेल तर मूळ दोष नेटवर्कचा आहे, व्हॉल्यूम केवळ त्याचा बळी आहे.

साठवणीची वाट, जागा आणि आगंतुक सॉफ्टवेअर

त्रुटीचे नाव ‘आयओ टाइमआउट’ असेल तर चित्र पालटते. येथे साठवणीकडून उत्तर वेळेवर आलेले नाही. त्याच वेळेच्या आसपास सिस्टिम लॉगमध्ये १२९ किंवा १५३ या घटना आहेत का, ते पाहावे. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने यंत्रणेला नव्याने हाक द्यावी लागली. १५३ म्हणजे वाचन-लेखनाची मागणी पुन्हा पाठवावी लागली. अशा नोंदी दिवसांतून विखुरलेल्या असतील तर सैल केबल, थकलेला ऑप्टिकल जोड किंवा कार्डाचे जुने फर्मवेअर यांचा संशय घ्यावा. रोज ठरावीक वेळी असतील तर त्या वेळी कोणते काम लावलेले आहे, ते विचारावे. पुष्कळदा तो बॅकअप निघतो. २००८ आर२ मध्ये तर साध्या पद्धतीने बॅकअप चालू असेपर्यंत व्हॉल्यूम वळशाच्या अवस्थेत राहत असे. कार्यालयीन वेळेत घेतलेला बॅकअप म्हणजे कार्यालयीन वेळेतील मंदपणा, असे सरळ समीकरण होते.

अँटिव्हायरस हा आणखी एक आगंतुक. तो फाइल-व्यवस्थेच्या वाटेत चाळणी बसवितो. ‘क्लस्टरस्टोरेज’ हे फोल्डर व आभासी संगणकांच्या फाइली तपासणीतून वगळल्या नसतील तर शेकडो गिगाबाइटची एकेक फाइल चाळणीत अडकते. कोणत्या चाळण्या बसल्या आहेत ते ‘एफएलटीएमसी’ या आज्ञेने दिसते, आणि दोन नोडांवरील यादी निराळी असेल तर तेवढाही धागा पुरेसा ठरतो.

जागेचा प्रश्न वरवर बाळबोध आहे. साठवण-यंत्रणेत ‘थिन प्रोव्हिजनिंग’ वापरले असेल तर मात्र तो फसवा होतो. या पद्धतीत विंडोजला दोन टेराबाइट दाखविले जातात, प्रत्यक्ष जागा लागेल तशी दिली जाते. विंडोजच्या दृष्टीने निम्मी जागा मोकळी असताना यंत्रणेतील खरी जागा संपते आणि व्हॉल्यूम अचानक कोसळतो. विंडोजच्या लॉगमध्ये कितीही शोधले तरी जागा संपल्याचा उल्लेख ठळकपणे मिळेलच असे नाही. तो साठवण-यंत्रणेच्या स्वतःच्या पडद्यावर असतो. याउलट व्हॉल्यूममधीलच जागा संपली तर हायपर-व्ही आभासी संगणकास ‘पॉज्ड-क्रिटिकल’ अवस्थेत थांबवितो. नाव भयंकर असले तरी जागा मोकळी करताच तो संगणक जेथे थांबला तेथून पुढे चालू शकतो.

दोन शस्त्रे

या यंत्रणेत दोन आज्ञा अशा आहेत की त्या बिघाड दूर करतात आणि तितक्याच सहजतेने विद्याही नष्ट करतात. त्यांचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

विंडोज सर्व्हर २००८ पासून डिस्कच्या मालकीसाठी एससीएसआय-३ मधील ‘पर्सिस्टंट रिझर्व्हेशन’ वापरले जाते. प्रत्येक नोड साठवण-यंत्रणेकडे आपली किल्ली नोंदवितो आणि नोंद नसलेल्या संगणकाला यंत्रणा लिहू देत नाही. नोड वीज जाऊन अकस्मात बंद पडला तरी ही नोंद मागे राहू शकते व डिस्क ‘आरक्षित’ दिसत राहते. अशा वेळी आरक्षण पुसून टाकणारी आज्ञा उपयोगी पडते. परंतु आरक्षण धरून ठेवणारा नोड खरोखर बंद आहे, की केवळ नेटवर्कवरून दिसत नाही? सर्व्हर-खोलीत जाऊन डोळ्यांनी पाहिल्यावाचून ती आज्ञा देऊ नये. तो जिवंत असेल तर आरक्षण पुसण्याने त्याच्या व आपल्यामधील एकमेव भिंत पडते.

दुसरी आज्ञा गणपूर्तीची. सभेस गणपूर्ती लागते तशी क्लस्टरलाही लागते. निम्म्याहून अधिक मते जमली नाहीत तर ते स्वतः थांबते. दोन नोडांच्या क्लस्टरमध्ये तिसरे मत साक्षीदाराचे असते. हा साक्षीदार म्हणजे एखादी लहान डिस्क, फाइल-शेअर, किंवा २०१६ पासून क्लाउडवरील खाते. गणपूर्ती नसताना क्लस्टर बळाने सुरू करण्याची सोय आहे. दोन नोडांमधील दुवाच तुटलेला असताना दोन्हीकडे दोन माणसांनी ही सोय वापरली तर दोन क्लस्टर उभे राहतात, दोघेही स्वतःला एकमेव समजतात. आरंभी वर्णिलेली आपत्ती ती हीच. म्हणून बळाने सुरू करावयाचे झाल्यास एकाच नोडवर, एकाच व्यक्तीच्या सांगण्यावरून, आणि दुसरे यंत्र विजेपासून तोडल्यानंतरच.

वीज गेल्यानंतरची सकाळ

खंडित वीजपुरवठा हा आपल्याकडील सर्व्हर-खोलीचा नित्याचा सोबती. यूपीएस संपतो, सर्व यंत्रे बंद पडतात. वीज आली की सारी एकदम चालू होतात. नोड काही मिनिटांत तयार होतात, साठवण-यंत्रणेला मात्र आपल्या डिस्का तपासून उभे राहण्यास अधिक वेळ लागू शकतो. नोड डिस्क शोधतात, ती मिळत नाही, ठरलेले प्रयत्न संपतात आणि व्हॉल्यूम ‘फेल्ड’ म्हणून पडून राहतो. या स्थितीत बिघाड कसलाच नसतो. साठवण उभी झाल्यावर व्हॉल्यूम हाताने चालू केला की पुरते. क्रम असा ठेवावा : प्रथम स्विच, मग साठवण-यंत्रणा, ती पूर्ण सज्ज झाल्यावर डोमेन कंट्रोलर, शेवटी नोड.

डोमेन कंट्रोलरचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. काटकसर म्हणून तोही आभासी करून त्याच सामायिक व्हॉल्यूमवर ठेवण्याचा मोह होतो. २००८ आर२ च्या क्लस्टरला सुरू होण्यासाठी डोमेन कंट्रोलर लागे, आणि डोमेन कंट्रोलरला सुरू होण्यासाठी क्लस्टर. एरवी वर्षभर न जाणवणारी ही अडवणूक पूर्ण अंधारानंतरच्या पहिल्या सकाळी प्रकट होत असे. २०१२ पासून क्लस्टर डोमेन कंट्रोलरवाचून उभे राहू शकते. तथापि नोडवर लॉग-इन करणे, नावांचे पत्ते मिळविणे या गोष्टी त्याच्याशिवाय अडखळतातच. एक साधा, स्वतंत्र, क्लस्टरबाहेरचा डोमेन कंट्रोलर ठेवण्याचा खर्च या दृष्टीने अनाठायी नाही.

क्लस्टर उभारताना जी प्रमाणीकरण-चाचणी घेतली जाते ती बिघाडानंतरही घेता येते. नेटवर्क, आवृत्त्यांतील तफावत आणि आरक्षणाची क्षमता ती एकत्रित तपासते. तिचा साठवण-विभाग मात्र ज्या डिस्कवर चालतो तिला चाचणीपुरते ऑफलाइन करतो. परीक्षेच्या दिवशी दुपारी तो चालविणे इष्ट नव्हे. यासाठी साठवण-यंत्रणेत एक लहानसा रिकामा भाग कोणतेही काम न सोपविता क्लस्टरला जोडून ठेवावा. साठवण-विभागाची चाचणी त्या एका डिस्कपुरती मर्यादित करता येते आणि गुणपत्रिकांच्या व्हॉल्यूमला हात लागत नाही.